डबा वाकला, तळ फुटला, झाकण बसेना : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात खाण्याच्या पॅकिंगबद्दल प्रश्न मागवले होते, आणि आलेले बहुतेक प्रश्न एकाच प्रकारच्या मालाबद्दल निघाले, म्हणजे प्लास्टिकची शीट गरम करून साच्यावर ओढून केलेले ट्रे, कप, पारदर्शक डबे आणि त्यांची झाकणं. याला थर्मोफॉर्मिंग म्हणतात. या वेळी तेवढेच प्रश्न घेतलेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, की यात प्लास्टिकचं नुसतं नाव विचारून भागत नाही, ते किती तापवलं, कुठे किती ताणलं आणि कसं गार केलं हेसुद्धा विचारावं लागतं, खालची बरीचशी उत्तरं फिरून तिथेच येतात.

प्रश्न : मी तयार जेवण पाठवायचं काम करते. पारदर्शक डब्यात गरम पदार्थ भरला आणि बघता बघता डबा वाकडा झाला, तळ वर आला. घेताना फूड ग्रेड आहे असं सांगितलं होतं, खाली त्रिकोणात १ आकडा पण आहे. मला खोटा माल मिळाला का?

माल बहुतेक खराच आहे, पण तुमच्या कामाचा नाही. फूड ग्रेड याचा अर्थ एवढाच की त्या प्लास्टिकमधून पदार्थात नको ते उतरत नाही, आणि तेही ठरलेल्या तापमानाला, ठरलेल्या वेळेपुरतं. गरम सोसेल असं त्यात कुठेच म्हटलेलं नसतं. युरोपीय संघाच्या १०/२०११ या नियमात एक नेहमीची चाचणी ४० अंश सेल्सिअसला १० दिवसांची आहे, त्यात अन्नाच्या जागी आंबट पाणी, तेल, अल्कोहोलचं पाणी असले द्रव वापरतात आणि दर चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त काही उतरायला नको अशी मर्यादा आहे. आता ४० अंशाला पास झालेला डबा ९० अंशाच्या पदार्थाला चालेल हे त्यातून कसं कळणार? म्हणून सर्टिफिकेट मागाल तेव्हा कुठल्या तापमानाला, किती वेळ आणि कुठल्या प्रकारच्या पदार्थासाठी हे तिन्ही विचारा, त्या कागदावर ते असतं.

आता तो १ आकडा. हे नंबर १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने आणले, कचरा वेगळा करणाऱ्यांच्या सोयीसाठी. त्यांचा गरम-थंडशी संबंध नाही. १ म्हणजे पीईटी, पाण्याच्या बाटल्या ज्याच्या असतात ते प्लास्टिक. आणि गंमत बघा, तुमचा वाकलेला डबा पण १ आणि ओव्हनमध्ये २०० अंशाच्या पुढे टिकणारा जाड, अपारदर्शक ट्रे पण १! प्लास्टिक तेच, फक्त घडवण्याची पद्धत वेगळी. पारदर्शक डब्याची शीट पटकन गार केलेली असते त्यामुळे प्लास्टिकच्या आतल्या रेणूंच्या लांब साखळ्या अस्ताव्यस्त राहतात, याला एपीईटी म्हणतात, तो काचेसारखा दिसतो पण ७० अंशाच्या आसपास मऊ पडतो. ओव्हनच्या ट्रेला सीपीईटी म्हणतात, त्याच्या शीटमध्ये स्फटिक लवकर धरावेत म्हणून थोडा मसाला टाकतात आणि मग १६०-१८० अंशाच्या गरम साच्यात थोडा वेळ धरून ठेवतात, तेवढ्यात साखळ्यांचा काही भाग रांगेत बसतो, ट्रे दुधट होतो आणि सोसायला लागतो. तो फ्रीझरमधून काढून थेट ओव्हनमध्ये जातो.

तुमच्या डब्याचं काय झालं ते डोळ्यांनी बघायचं असेल तर एक रिकामा धुतलेला डबा पातेल्यात ठेवून त्यावर उकळीला आलेलं पाणी ओता. आधी खालचे कोपरे ढिले पडतील, मग भिंती आत येतील, तळ वर उचलला जाईल, आणि शेवटी सगळा डबा आपण ज्या सपाट शीटमधून आलो तिकडे परत निघाल्यासारखा आकसेल. तो वितळलेला नसतो हं, ताणून गार केलेला ताण सुटलेला असतो. जिथे जास्त ओढलं तिथे जास्त आकसतो.

गरम भरायला पीपी घ्या, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, नंबर ५. ते १६० अंशाच्या पुढे वितळतं, त्यामुळे उकळता पदार्थ सोसतं. मायक्रोवेव्हला पण चालतं, मात्र तेलकट किंवा साखरेचा पदार्थ पाण्यासारखा १०० अंशाला थांबत नाही, ठिकठिकाणी बराच वर जातो, तिथे पीपीवर सुद्धा खड्डे पडतात. डब्यावर मायक्रोवेव्हसाठी असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच वापरा.

प्रश्न : आम्ही दोघांकडून कप घेतो. दोन्ही पीपी, दोन्हीचं वजन सारखं, मापही तेच. एकाचे कप रचले तरी काही होत नाही, दुसऱ्याचे खालच्या कडेला दबतात, काही तर तिथेच चिरतात. वजन सारखं असताना फरक कसा?

हा प्रश्न मला फार आवडला कारण बहुतेक खरेदी करणारे वजनावरच थांबतात.

आधी थोडं गणित करू. समजा १ मिलिमीटर जाडीची शीट आहे आणि तिच्यात १० बाय १० सेंटीमीटरचा, ५ सेंटीमीटर खोल चौकोनी डबा ओढायचा आहे. तोंडाचं क्षेत्र १०० चौरस सेंटीमीटर. डब्याच्या आतलं क्षेत्र म्हणजे तळाचे १०० आणि चार भिंतींचे मिळून २००, एकूण ३००. म्हणजे १०० ची शीट ३०० वर पसरवायची, तर सरासरी जाडी एक तृतीयांश उरणार, ०.३३ मिलिमीटर. पण ही झाली सरासरी, आणि खरा डबा सरासरीने बनत नाही. गरम शीट साच्याला जिथे आधी टेकते तिथे ती गार होऊन थांबते, उरलेली अजून ताणत जाते, आणि सगळ्यात शेवटी साच्याला टेकणारी जागा म्हणजे तळाचे कोपरे, त्यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. वरची कड जाड, भिंत मध्यम आणि खालचा कोपरा कागदासारखा, हे नुसत्या व्हॅक्यूमने ओढलेल्या कुठल्याही खोल कपात होतं.

यावर उपाय म्हणून प्लग वापरतात. हवेने ओढायच्या आधी कपाच्या आकाराचा एक ठोकळा वरून शीटला आत ढकलतो, त्यामुळे माल खाली पोचतो आणि मग हवा त्याला भिंतींना चिकटवते. सगळी मेख या प्लगमध्ये आहे. तो कशाचा आहे, त्याचं टोक गोल आहे की चपटं, किती खाली जातो, किती वेगाने जातो, आणि हवा तो पोचायच्या आधी सोडली की नंतर, यातलं एक जरी बदललं तरी त्याच वजनात माल वेगळीकडे जातो. धातूचा गार प्लग असेल तर तो टेकला तिथली शीट लगेच थिजते, मग तळ उगाच जाड राहतो आणि त्याच्या भोवतीची कड पातळ पडते. म्हणून चांगले लोक उष्णता कमी ओढणाऱ्या फोमचे किंवा तसल्या प्लास्टिकचे प्लग वापरतात. तुमच्या दुसऱ्या सप्लायरकडे हेच बिघडलेलं असणार, किंवा शीट सगळीकडे सारखी तापत नसेल, कारण जास्त तापलेला भाग आधी आणि जास्त ताणतो.

पीपीला तर हे फारच जड जातं. पॉलिस्टायरीन १३० पासून १८० अंशापर्यंत कुठेही पकडा, ते निमूट आकार घेतं, पण पीपीची खिडकी अगदी अरुंद, थोडं कमी तापवलं तर कोपरे भरत नाहीत आणि थोडं जास्त झालं की शीट मध्येच झोळीसारखी लोंबायला लागते. ज्याने आधी पॉलिस्टायरीन चालवलंय आणि त्याच मशीनवर, त्याच सेटिंगला पीपी घालतोय, त्याच्याकडून असे कप येतात.

तुम्ही काय करायचं? दोन्हीकडचे थोडे कप घ्या, कात्रीने वरून खालपर्यंत उभे कापा, आणि मायक्रोमीटरने वरच्या भिंतीची, मधली, खालच्या कोपऱ्याची आणि तळाची जाडी मोजा. एकाच बाजूला मोजू नका, चारी बाजूंनी मोजा, कारण कधीकधी प्लग किंचित सरकलेला असतो आणि एकच बाजू पातळ येते, तो कप त्याच बाजूला कलतो. पांढरा किंवा फिकट कप असेल तर दिव्यासमोर धरला तरी पातळ जागा उजळ दिसते. मायक्रोमीटर नसेल तरी एवढ्याने बरंच कळतं. पुढच्या ऑर्डरमध्ये वजनाबरोबर कोपऱ्याची कमीत कमी जाडी किती हवी ते लिहून घ्या. हे लिहून घेतलं की पुढचं बोलणंच वेगळं होतं.

प्रश्न : वरच्यासारखंच, पण आमचा ट्रे ऑक्सिजन अडवणाऱ्या थराचा आहे. उथळ ट्रेमध्ये पदार्थ छान टिकतो, तोच पदार्थ खोल ट्रेमध्ये लवकर बिघडतो. शीट एकच आहे.

शीट एकच आहे हेच कारण. तुमच्या शीटमध्ये मधोमध ईव्हीओएचचा, म्हणजे ऑक्सिजन अडवणाऱ्या एका प्लास्टिकचा बारीक थर असणार, दोन्ही बाजूला चिकटवणारा थर आणि बाहेरून पीपी. कोरडं ईव्हीओएच ऑक्सिजनला पीपीपेक्षा हजारो पटीने जास्त अडवतं, म्हणून तो थर इतका बारीक ठेवतात. पण शीट तिप्पट ताणली की तो थरही त्याच प्रमाणात पातळ होतो, कोपऱ्यात तर त्याहून जास्त, आणि शीट गार असताना ओढली तर तो सलग न ताणता मध्येच तुटू पण शकतो. वरून बघून काही कळत नाही, ट्रे अगदी धडधाकट दिसतो. खोल ट्रेसाठी जाड शीट किंवा जाड थर मागा, आणि प्लगचं वर सांगितलंय ते इथेही लागू. अजून एक, ईव्हीओएचला ओल लागली की त्याची ताकद उतरते, म्हणून ते पीपीच्या आत कोंडलेलं असतं, वाफेवर शिजवून पॅक करणार असाल तर हे सप्लायरशी आधीच बोला.

प्रश्न : फ्रीझरमध्ये ठेवलेले पीपीचे डबे हातातून पडले की तडकतात. बाहेर हेच डबे आपटले तरी काही होत नाही.

साधं पीपी शून्य अंशाच्या आसपास आणि त्याखाली कडक, ठिसूळ होतं, फ्रीझर असतो उणे १८ ला. इम्पॅक्ट कोपॉलिमर नावाचा पीपीचा ग्रेड येतो, त्यात रबरासारखा भाग मिसळलेला असतो, तो मागा. थोडा दुधट दिसेल. पारदर्शकपणा हवा असेल आणि गरम करायचं नसेल तर एपीईटी फ्रीझरला पीपीपेक्षा बरं. फ्रीझर आणि ओव्हन दोन्ही हवं तर सीपीईटी.

प्रश्न : पीपीचा डबा आणि पीपीचं झाकण. आले त्या दिवशी घट्ट बसत होतं, आठवड्याने गोडाऊनमधून काढलं तर झाकण ढिलं. दमट हवेमुळे का?

दमटपणाचा दोष नाही, पीपी पाणी जवळपास पीतच नाही. पीपीमध्ये स्फटिक बनत राहतात, डबा साच्यातून निघाला तरी त्याचं काम आतून चालूच असतं, पहिल्या एक-दोन दिवसांत तो अजून थोडा आकसतो. एकूण आकसणं साधारण दीड ते दोन टक्के धरतात, पॉलिस्टायरीन आणि एपीईटी अर्ध्या टक्क्याच्या आसपास. दोन टक्के म्हणजे १०० मिलिमीटरच्या तोंडाला २ मिलिमीटर, आणि झाकणाची खाच असते त्याहून लहान. साचा हे धरूनच बनवलेला असतो, अडचण येते ती घाईने. सायकल टाइम, म्हणजे एका फेरीला लागणारा वेळ, कमी करायला डबा गरम असतानाच साच्यातून काढला की मग तो बाहेर हवा तसा आकसतो, आणि डबा एका दिवशीचा, झाकण दुसऱ्या दिवशीचं, दोघांना वेगवेगळं गार केलेलं, तर ते जुळणार कसे? माल आल्या आल्या तपासू नका, तयार होऊन दोन दिवस झालेला माल तपासा. गोडाऊनमध्ये पत्र्याखाली तापणाऱ्या जागी ठेवू नका, आणि खालच्या खोक्यांवर किती थर चढलेत तेही एकदा बघा, तोंड अंडाकृती झालं तरी झाकण ढिलंच लागतं.

प्रश्न : मी शीटच्या कारखान्यात नवीनच लागलोय. पीईटीचे ट्रे मधूनमधून पांढरट येतात. एक सीनियर म्हणतो तापमान वाढव, दुसरा म्हणतो कमी कर. कोणाचं ऐकू?

दोघेही बरोबर असू शकतात, कारण पांढरेपणा दोन प्रकारचा असतो आणि दिसायला वेगळा असतो.

ट्रे उजेडात तिरका धरून बघा. धुक्यासारखा, सगळीकडे सारखा पसरलेला दुधटपणा असेल, आणि तोही तळात किंवा जाड भागात जास्त, तर शीट जास्त वेळ तापली आहे आणि स्फटिक धरायला लागलेत, हीटर कमी करा किंवा वेळ कमी करा. आणि मोत्यासारखी चमक असलेला पांढरा पट्टा असेल, तोही कोपऱ्यात किंवा जिथे जास्त ताण पडतो तिथेच, तर शीट गार आहे, ती नीट वाहत नाही, ओढून ओढून फाटायच्या बेतात आलीय, तिथे तापमान वाढवा. एकाच ट्रेवर दोन्ही दिसले तर हीटरचा एखादा झोन बंद आहे का ते बघा.

आणि नवीन आहात म्हणून एक जास्तीचं सांगते. पीईटी एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे ते वितळवून शीट काढणाऱ्या मशीनमध्ये टाकायच्या आधी सुकवतात, १६० अंशाच्या आसपास काही तास, पाण्याचा अंश दहा लाखात ५० भागांच्या खाली येईपर्यंत. हे नीट झालं नाही तर वितळलेल्या पीईटीतलं पाणी त्याच्या साखळ्या कापतं. शीट दिसायला चांगलीच निघते, मोल्डिंग पण होतं, आणि ट्रे पोचल्यावर ग्राहकाकडे तडकतो, मग सगळे फॉर्मिंगवाल्याच्या अंगावर जातात. ड्रायरचं तापमान आणि हवेचा ड्यू पॉइंट (म्हणजे ती हवा किती कोरडी आहे ते) यांची नोंद ठेवत जा, तक्रार आली की तीच वही कामाला येते.

ट्रे-कप कापून घेतल्यावर शीटची जी जाळी उरते तिचं रिग्राइंड, म्हणजे दळलेला माल, परत घालतात तेव्हा तर हे दुप्पट महत्त्वाचं. गोल कप अगदी एकमेकांना चिकटवून सरळ रांगांत बसवले तरी शीटचा २१ टक्क्यांहून जास्त भाग कापल्यावर उरतोच, खऱ्या साच्यात कपांमध्ये अंतर सोडतात म्हणजे त्याहून बराच जास्त, तो दळून परत शीटमध्ये जातो. यात वाईट काही नाही, उलट तो फेकणंच चुकीचं, पण तो माल एकदा तापून आलेला आहे, त्याच्या साखळ्या थोड्या तुटलेल्याच असतात, म्हणून तो कोरडा हवा, स्वच्छ हवा आणि दर पाळीला त्याचं प्रमाण सारखं हवं. आज कमी उद्या जास्त असं केलं की फॉर्मिंगवाला रोज नवीन सेटिंग शोधत बसतो.

प्रश्न : पॉलिस्टायरीनच्या कडक पारदर्शक डब्यात केक ठेवते. कधीकधी बिजागरीजवळ बारीक चिरा दिसतात, एकदा संत्र्याची साल लावलेला केक ठेवला तर झाकण आतून खरखरीत झालं.

संत्र्याच्या सालीतलं तेल पॉलिस्टायरीनला अक्षरशः विरघळवतं. लोणी, क्रीम, तेल हे इतकं जोरात करत नाहीत, पण जिथे आधीच ताण आहे, म्हणजे बिजागरी, खाच, कोपरा, तिथे शिरून हळूहळू चिरा पाडतात. पीईटी घ्या, दिसायला तितकंच छान आणि चरबीला व्यवस्थित टिकतं. केक पूर्ण गार झाल्यावरच भरा, ७० अंशाचं वर सांगितलंच आहे.

प्रश्न : डब्यावर नंबरच नसेल तर प्लास्टिक घरी कसं ओळखायचं? जाळून बघावं असं कोणीतरी सांगितलं.

जाळू नका, पीव्हीसी निघालं तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ छातीत जाते. त्यापेक्षा डब्याचे नखाएवढे तुकडे कापा आणि पाण्याच्या ग्लासात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून त्यात बुडवा, साबण यासाठी की हवेचे बुडबुडे चिकटून तुकडा उगाच तरंगायला नको. बोटाने एकदा खाली ढकला. पुन्हा वर आला तर पीपी किंवा पॉलिथिलीन, पीपीची घनता ०.९ च्या आसपास असते. बुडाला तर दुसऱ्या ग्लासात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घाला आणि त्यात टाका. पॉलिस्टायरीन १.०५ चं, ते या खारट पाण्यात वर येतं. पीईटी १.३३ च्या पुढे, ते तळालाच राहतं. खडू किंवा टाल्क भरलेलं पीपी बुडू शकतं आणि फोमचं पॉलिस्टायरीन साध्या पाण्यातच तरंगतं, एवढे दोन अपवाद लक्षात ठेवा. पीएलए, म्हणजे वनस्पतींपासून केलेलं प्लास्टिक, पण पीईटीसारखं तळाला जातं, त्याचं पुढे बघा.

प्रश्न : पर्यावरणासाठी आम्ही पीईटी सोडून पीएलएचे डबे घ्यायचं ठरवतोय. योग्य आहे का?

आधी तुमच्या भागात औद्योगिक कंपोस्टिंगची सोय आहे का ते बघा, म्हणजे जिथे ढीग ५८ अंशाच्या आसपास बरेच आठवडे ठेवतात. पीएलए तिथे मोडतं, घरच्या खतात किंवा उघड्यावर टाकलं तर वर्षानुवर्षं तसंच पडून राहू शकतं. सोय नसेल तर माझं स्पष्ट मत आहे की घेऊ नका, कारण ते दिसायला हुबेहूब पीईटीसारखं असतं, रिसायकलिंगच्या पीईटीत मिसळलं की तो सगळा लॉट खराब करतं. शिवाय ते ५५-६० अंशाला मऊ पडतं, म्हणजे एपीईटीच्याही आधी, उन्हात उभ्या गाडीत सुद्धा डबे एकमेकांत अडकून बसतात.

त्याऐवजी रिसायकल केलेलं, पण अन्नासाठी मान्यता असलेलं पीईटी घ्या, डबा एकाच प्लास्टिकचा ठेवा, पीईटीवर पॉलिथिलीनचा थर लावलेला नको, लेबल लहान आणि सहज निघणारं लावा. काळा ट्रे टाळा. तो काळा ज्या कार्बनच्या रंगाने करतात तो इन्फ्रारेड शोषून घेतो, त्यामुळे कचरा वेगळा करणाऱ्या मशीनच्या सेन्सरला तो ट्रे दिसतच नाही आणि चांगलं प्लास्टिक असून कचऱ्यात जातं. पारदर्शक किंवा रंग न घातलेला ट्रे मागा, बहुतेक सप्लायरकडे त्याच साच्यातला मिळतो.